जॅझ सोलापुरापर्यंत कसा पोहोचला?

१९३५ साली अमेरिकी कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथे आले. पण त्या नृत्यगृहाचा उंबरा गिरणी कामगारांच्या सोलापूरला परकाच होता. इथवर जॅझ आणला तो सिनेमाने, आणि त्याचे खरे वाहक गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली ही मंडळी हॉटेलांत वाजवत, तशीच स्टुडिओतही. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, त्यांतले अग्रणी. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ चित्रपटासाठी (१९५१) त्यांना सोबत घेतले, त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

आक्षेप असा, की ऐनवेळच्या स्वरविस्ताराविना जॅझ कसला? चित्रपटगीतात वादकाला मोकळीक जेमतेम, हे खरेच. पण न्यू ऑर्लीन्समध्येही हे संगीत मिरवणुकांत आणि नाचघरांतच वाढले. पावलांना ठेका धरायला लावणे हा त्याचा मूळ स्वभाव आहे. ‘अलबेला’चे नायक भगवानदादा यांच्या नाचामागचा तो झोकदार ठेका त्याच घराण्यातला. उंची नृत्यगृहात वाजले तेवढेच अस्सल मानले, तर थिएटरातल्या स्वस्त बाकांवरच्या श्रोत्याचा कान आपण हिशेबातच धरत नाही.