पॅचच्या आधी नोंदी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जून महिना हिशेबाचा. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत. बोटी शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि पेढ्यांवर हंगामाचा जमाखर्च मिटवायला घेतात. कुठल्या बोटीची मासळी किती, बर्फ आणि डिझेल किती गेलं, कुणाची उचल किती बाकी. ज्या मासळी व्यापाऱ्यांच्या संगणकांचं काम मी बघतो, त्यांच्यापैकी एका पेढीवर हे सगळे तक्ते टेलेरिक रिपोर्ट सर्व्हर या सॉफ्टवेअरमधून निघतात. २०२४ च्या जूनमध्ये, ऐन हिशेबात, तो सर्व्हर आम्हाला बंद करावा लागला.

प्रोग्रेस कंपनीच्या या सॉफ्टवेअरमधला दोष सीव्हीई-२०२४-४३५८ या क्रमांकाने नोंदला गेला. तीव्रता १० पैकी ९.८. सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवताना एक पान उघडतं आणि तिथे मुख्य प्रशासकाचं खातं तयार करायचं असतं. हे काम एकदाच करायचं. पण बसवणी आधीच पूर्ण झालेली आहे का, हे त्या पानामागचा कोड तपासतच नव्हता. घर बांधताना गवंड्यांच्या ये-जा करण्यासाठी भिंतीत वाट ठेवावी आणि वास्तुशांत झाली तरी ती बुजवूच नये, तसा हा प्रकार. ज्याला तो पत्ता ठाऊक, त्याने तिथे नाव आणि पासवर्ड पाठवायचा, की तो त्या सर्व्हरचा प्रशासक. जुना पासवर्ड चोरायची किंवा कुणाला फसवायची गरजच नाही.

सीना खैरखाह या संशोधकाने हा दोष शोधला. त्याच सॉफ्टवेअरमध्ये सीव्हीई-२०२४-१८०० हा आणखी एक दोष आधी सापडला होता. आत शिरलेल्या माणसाला त्यातून सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत असे. दोन्ही जोडले, की बाहेरच्या माणसाच्या हाती अख्खं यंत्र. हे कसं करायचं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात उघड झालं आणि १३ जूनला अमेरिकेच्या ‘सीसा’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने ४३५८ ला प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत घातलं.

पेढीचे मालक म्हणाले, “आमच्या बांगड्याचा भाव चोरून कोण काय करणार?” प्रश्न रास्त आहे, पण इंटरनेटवर दारं चाचपणारी यंत्रं मालक कोण ते बघत नाहीत. त्याच वर्षी जुलैअखेर छोट्या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, देशातली पैसे पाठवण्याची व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने तिच्याशी संबंध तोडला आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. त्यांतल्या एखाद्या गावच्या खातेदाराने हल्लेखोराचं काय वाकडं केलं होतं? शिवाय पेढीच्या सर्व्हरमध्ये केवळ भाव नव्हते. खलाशांची बँक खाती होती, उचलीच्या नोंदी होत्या आणि डेटाबेसचा पासवर्डही होता.

आधी आवृत्ती पाहिली. ‘कॉन्फिगरेशन’ पानावरच्या ‘अबाउट’मध्ये ती दिसते. १०.०.२४.३०५ किंवा त्याहून जुनी असेल तर दोष आहे, १०.१.२४.५१४ पासून पुढे तो दुरुस्त झालेला आहे. आमची जुनी निघाली. मालक मुंबईहून मोबाइलवर तक्ते बघत, म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने राउटरमधून बाहेरची वाट मोकळी ठेवली होती. ती पहिल्यांदा बंद केली.

इथे बहुतेकांचा हात पॅचकडे, म्हणजे दोष दुरुस्त केलेल्या नव्या आवृत्तीकडे जातो. मला ते पटत नाही. पॅच पुढची वाट बंद करतो, आधीच आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. कुणी बनवलेलं खातं नव्या आवृत्तीतही तसंच राहतं. म्हणून वेबसर्व्हरच्या सगळ्या नोंदी प्रथम वेगळ्या डिस्कवर उतरवल्या आणि त्या डिस्कवर तारीख लिहिली.

नोंदी वाचणं हे डोळे शिणवणारं काम. एकेका ओळीत तारीख, वेळ, मागितलेलं पान, मागणाऱ्याचा पत्ता आणि सर्व्हरचं उत्तर. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. रात्रीचे अकरा लिहिलेले दिसले तर रत्नागिरीत पहाटेचे साडेचार, आणि पहाटे साडेचारला तक्ते बघणारं पेढीवर कुणी नाही. शोधायची होती ती बसवणीच्या त्या पानाची, म्हणजे ‘स्टार्टअप/रजिस्टर’ या पत्त्याची मागणी. बाहेर पाऊस धो धो, वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरवर काम चालू. बाहेरच्या अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनच्या पानाला ठोकून गेलेल्या ओळी भरपूर सापडल्या. रजिस्टरची एकही नाही.

मग वापरकर्त्यांची यादी. प्रोग्रेसनेही हेच सांगितलं होतं: आपण न बनवलेलं खातं आहे का, ते बघा. आता, आपण काय बनवलं हे संगणकाला विचारून कळत नाही. पेढीचे हिशेबनीस काका चष्मा पुसून शेजारी बसले. मी एकेक नाव वाचत गेलो. “हा आपला. ही गेल्या वर्षी सोडून गेली, काढून टाका. हा मालकांचा भाचा.” शेवटी ‘टेम्प’ नावाचं एक खातं उरलं, तेही प्रशासकाच्या अधिकाराचं. काका गप्प. त्यांनी कपाटातून जुनी वही काढली, बसवणीच्या दिवसाचं पान शोधलं. सॉफ्टवेअरवाल्याने चाचणीसाठी केलेलं खातं, असं त्यात त्यांच्याच अक्षरात होतं. त्या तंत्रज्ञाला फोन करून खात्री केली, मगच खातं उडवलं. ती वही नसती तर सगळं घुसखोरी समजूनच करावं लागलं असतं, आणि मग सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे तिला कळवायला सहा तास. नोंदी १८० दिवस जपायच्या, असंही तोच आदेश सांगतो.

पुढचं काम सरळ होतं. बॅकअप, नवी आवृत्ती, डेटाबेसचा आणि तक्ते पाठवणाऱ्या मेलचा पासवर्ड बदलणं, एक तक्ता छापून वहीशी ताडून बघणं. बाहेरची वाट पुन्हा उघडली नाही. मालकांना आता व्हीपीएनमधून यावं लागतं. सर्व्हर बंद होता तेवढ्या काळात काकांनी खलाशांचा हिशेब हाताने केला आणि कुणाचा पैसा अडला नाही.

जुलैत याच सॉफ्टवेअरमध्ये ९.९ तीव्रतेचा आणखी एक दोष, सीव्हीई-२०२४-६३२७, जाहीर झाला आणि पुन्हा नवी आवृत्ती टाकावी लागली. तुमच्या कारखान्यात, पतसंस्थेत, सोसायटीत असा सर्व्हर असेल तर तो कुणी बसवला, कुठली आवृत्ती आहे, बाहेरून दिसतो का आणि त्यात कोणाकोणाची खाती आहेत, हे एका वहीत लिहून ठेवा. ज्याला ती माणसं ओळखता येतात, त्यालाच ती वही सांभाळायला द्या.