पाव आण्याचे दप्तर

कोल्हापूरहून गारगोटीला जाणारा रस्ता कागल तालुक्यातल्या बिद्रीवरून पुढे जातो. मग मुदाळतिट्टा लागतो. तिथून डावीकडे निपाणी, उजवीकडे राधानगरी आणि त्यापुढे फोंडा घाट उतरून कोकण. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे बिद्रीचे नाव सगळीकडे पोहोचले, पण इतिहासाच्या पुस्तकांत या पट्ट्यातल्या गावांच्या वाट्याला फार थोड्या ओळी आल्या आहेत. मग अशा गावांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास शोधायचा कुठे? सातबारा, फेरफार, शाळेचे जनरल रजिस्टर ही नेहमीची साधने आहेतच. त्यांच्या जोडीला आणखी एक साधन घ्यायला हवे आणि ते घराघरांत पडून आहे. ते म्हणजे जुने पोस्टकार्ड.

जगातले पहिले पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ ला आले. किंमत पाव आणा, म्हणजे रुपयाला चौसष्ट कार्डे. लिफाफ्याला अर्धा आणा पडत असे. निम्म्या पैशात, वेगळा कागद आणि वेगळे तिकीट न घेता निरोप धाडायची सोय झाली आणि पत्र लिहिणे सरकारदरबार, सावकार व शिकलेली घरे यांच्या बाहेर पडले. ज्याला लिहिता येत नव्हते तो दुसऱ्याकडून लिहून घेऊ लागला. पुष्कळ खेड्यांत शाळामास्तरांकडेच टपालाचे काम असे. पत्र लिहून देणारे, शिक्का मारणारे आणि आलेले वाचून दाखवणारे हात एकच.

चित्रांची कार्डे

त्याच आकाराच्या जाड कागदावर चित्र छापून विकण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात फोफावला आणि लगोलग मुंबईत आला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. देवादिकांच्या तसबिरींसाठी तो गाजला, पण हिंदुस्थानातली सुरुवातीची रंगीत चित्रकार्डेही याच छापखान्यातून निघाली. तिथे काम करणाऱ्या पॉल गेरहार्ट या जर्मन कारागिराने मुंबईतल्या निरनिराळ्या धंद्यांच्या माणसांची कार्डे काढली. ही सारी शिळाछपाई होती. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एका रंगावर दुसरा नेमका बसवायचा. भिंगाखाली असे कार्ड धरले तर रंगाचे बारीक, अनियमित कण दिसतात. नंतरच्या यंत्रछपाईत त्यांच्या जागी ओळीने बसलेले एकसारखे ठिपके येतात. कार्ड कोणत्या पद्धतीने छापले आहे, हे एवढ्यावरून कळते.

या कामात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे, कारण चित्रकार्डांच्या या पहिल्या पिढीतले महत्त्वाचे मराठी नाव महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. त्यांचा जन्म १८६७ सालचा, कोल्हापूरचा. शालेय शिक्षण राजाराम हायस्कुलात. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे तिथेच संचालकपदापर्यंत चढले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. मोठी ऐतिहासिक चित्रे काढणाऱ्या या माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी पोस्टकार्डांसाठीही कुंचला धरला आणि मुंबईच्या रस्त्यावरची माणसे, बायकांची वेशभूषा, शहरातल्या तऱ्हा टिपल्या. नऊवारी कशी नेसत, पगडी कुणाची कशी असे, हे त्यांना जवळून ठाऊक होते. परक्या चित्रकाराच्या कार्डात माणूस बहुधा 'नमुना' म्हणून उभा असतो. धुरंधरांच्या चित्रातली बाई कुणाच्या तरी घरातली वाटते. ब्रिटिश राजवटीच्या काळातल्या अशा कार्डांचा मोठा धांडोळा उमर खान यांनी 'पेपर ज्वेल्स' या २०१८ च्या इंग्रजी पुस्तकात घेतला आहे. त्या इतिहासात हा कोल्हापूरकर चित्रकार ठळकपणे उभा आहे.

फोटोवरून छापलेल्या कार्डांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातली कितीतरी कार्डे जर्मनीत छापून येत. फोटो काळा-पांढरा, आणि रंग भरणाऱ्याने ती जागा कधी पाहिलेली नसायची. लुगड्याचा रंग, आभाळाची छटा, झाडांची हिरवाई, सगळे अंदाजाने. म्हणून इमारतीच्या ठेवणीसाठी असे कार्ड पुरावा म्हणून चालते, रंगासाठी चालत नाही. शिवाय छापणारा विकले जाईल तेच छापणार. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, मेजर मँट यांनी आखलेला नवा राजवाडा आणि टाउन हॉल, फार तर पन्हाळा. बिद्री, मुरगूड, गारगोटीकडच्या शेतकऱ्याचे घर पाहायला कॅमेरा क्वचितच आला.

तो आला तो उलट वाटेने. माणसे शहरात जाऊन स्टुडिओत फोटो काढून घेऊ लागली. 'पोस्टकार्ड साईज' हा शब्द फोटोवाल्यांच्या तोंडी अजून आहे. साधारण १९१० ते १९४० च्या दरम्यानचे अनेक कौटुंबिक फोटो उलटून पाहिले तर मागे 'पोस्ट कार्ड' असे इंग्रजीत छापलेले, मध्ये उभी रेघ, उजवीकडे पत्त्याची जागा. फोटोचा कागदच तसा यायचा. पुढे रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची, फेटा बांधलेले आजोबा, शेजारी हात कुठे ठेवावेत ते न सुचलेली मुले. घरच्यांना तो नुसता फोटो वाटतो, पण तो चित्रकार्डाचाच एक प्रकार आहे आणि खेड्यातल्या माणसाला त्यानेच चेहरा दिला.

पत्त्याची बाजू

गावचा खरा इतिहास मात्र सरकारी, बिनचित्राच्या कार्डावर आहे. ते वाचायची रीत ठरलेली आहे.

आधी छापील तिकीट पाहायचे. राणी व्हिक्टोरिया असेल तर छपाई १९०१ पर्यंतची, एडवर्ड असेल तर १९१० पर्यंतची, मग दोन जॉर्ज. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटे काढली नाहीत, त्यामुळे शाहू महाराजांच्या राज्यातून निघालेल्या कार्डावरही चेहरा बादशहाचाच. किमतीपुढे 'नये पैसे' दिसले तर कार्ड १ एप्रिल १९५७ नंतरचे. वाघाचे १५ पैशांचे कार्ड तर आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या सगळ्यांना आठवत असेल. पण लोक जुने कार्ड जपून पुढे वापरत, म्हणून शेवटचा शब्द गोल शिक्क्याचा. एक शिक्का निघाल्याचा, दुसरा पोहोचल्याचा. दोन्ही उमटलेले असतील तर निरोपाला किती दिवस लागले याचा हिशेब मिळतो. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. तिच्या आधीची आणि नंतरची कार्डे शेजारी ठेवली तर गाडीने काय बदलले ते कुणी सांगावे लागत नाही. मजकुराच्या माथ्यावर मिती आणि शके असतील तर तेही शिक्क्याशी ताडून पाहता येतात.

मग पत्ता. या भागासाठी पत्ता ही इतिहासाची सर्वांत श्रीमंत ओळ आहे. निपाणी घ्या. बिद्रीकरांच्या रोजच्या व्यवहारातले गाव. स्वातंत्र्यानंतर तिथल्या पत्त्यात 'जि. बेळगाव, मुंबई राज्य' असे लिहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि ते 'म्हैसूर राज्य' झाले. १ नोव्हेंबर १९७३ पासून 'कर्नाटक'. निपाणी होती तिथेच राहिली आणि तिच्या नावापुढची ओळ दोनदा बदलली. इकडे कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र आला. फोंड्याखालच्या कणकवलीला लिहिलेल्या पत्रात १ मे १९८१ पर्यंत 'जि. रत्नागिरी' आणि पुढे 'जि. सिंधुदुर्ग'. सांगलीकडच्या पाहुण्यांच्या कार्डावर १९४९ ते १९६० या काळात 'दक्षिण सातारा' सापडतो. आज ते नाव नव्या पिढीला ऐकूनही माहीत नाही. राजपत्रात बदल एका दिवसात होतो, लिहिणाऱ्याच्या हाताला त्याची सवय व्हायला वर्षे जातात. विलीनीकरणानंतरही 'कोल्हापूर संस्थान' लिहिणारे कार्ड हाती लागले तर ती चूक म्हणून सोडून देऊ नये. लोकांच्या मनात संस्थान किती काळ नांदत होते याची ती साक्ष आहे.

मुंबईच्या पत्त्यांचेही तसेच. गारगोटी, आजरा, चंदगड, कागल या भागांतली माणसे गिरणीत भरती झाली आणि परळ-लालबागहून कार्डे गावाकडे येऊ लागली. 'मुंबई १२' असे असेल तर ते बहुधा पिनकोडच्या आधीचे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, तो मराठी माणसाच्या कल्पनेतून. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. 'मुंबई १२' चे '४०००१२' झाले. कोल्हापूर, सांगलीचा बराच भाग आणि सिंधुदुर्ग ४१६ या तीन अंकांखाली आले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. ज्या घरात १९७० ते १९८५ पर्यंतची कार्डे सलग आहेत, त्या घराजवळ संपाचा गावाकडचा इतिहास आहे. मनिऑर्डर कधी थांबली, कोण परत आले, जमीन कुणी कसायला घेतली, हे वर्तमानपत्रात सापडणार नाही.

मजकूर आणि मौन

मजकुराची चाल ठरलेली. 'तीर्थरूप', 'शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.', 'इकडील सर्व क्षेम', शेवटी 'कळावे, लोभ असावा'. मधल्या सात-आठ ओळींत गाव येते. पाऊस लागला की नाही, रोपलागण झाली का, म्हैस व्याली, गुऱ्हाळ कधी सुरू होणार. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेतले अडते गावोगावच्या गूळवाल्यांना कार्डे टाकत. रव्यांची आवक, भाव, पट्टी. अशा कार्डांची नुसती वर्षवार मांडणी केली तरी उसाने या खोऱ्याचे काय केले ते दिसू लागेल. सुरुवातीची पुष्कळ कार्डे मोडीत आहेत. ती घरात कुणाला वाचता येत नाहीत म्हणून 'काहीतरी जुने' या नावाखाली रद्दीत जातात, आणि नेमकी तीच सर्वांत मोलाची असतात.

कार्ड उघडे असते, हे वाचताना विसरू नये. मास्तर, पोस्टमन, शेजारी, सगळे ते वाचणार. म्हणून कर्ज, भांडण, लेकीचा सासुरवास यांतले त्यात फारसे येत नाही. ते लिफाफ्यात जाई आणि २ ऑक्टोबर १९५० पासून आंतरदेशीय पत्रात. १९४२ च्या डिसेंबरात गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी चाल केली आणि रक्त सांडले. त्या दिवसांत उघड्या कार्डावर 'सर्व खुशाल' यापलीकडे काही लिहायची सोय कुठे होती? अशा वेळी न लिहिलेलेही वाचावे लागते.

दुसरे मौन याहून खोल आहे. शुभकार्याच्या कार्डाला हळद-कुंकू लावत आणि ते देवाजवळ ठेवत. मृत्यूची बातमी आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ते घरात न नेता दारातच वाचायचे, फाडून टाकायचे आणि आंघोळ करायची, अशी रीत होती. म्हणून जुन्या गठ्ठ्यांत लग्ने, बारशी, वास्तुशांती भरपूर सापडतात आणि मरणे जवळजवळ सापडत नाहीत. प्लेगची वर्षे, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ कार्डांवरून लिहायला बसलात तर ती वर्षे सुखाची वाटतील. कार्डांवरून इतिहास लिहिणाऱ्याने ही उणीव जन्म-मृत्यूच्या नोंदवहीवरून भरून काढलीच पाहिजे.

जपणूक

जुन्या घरात आलेली पत्रे वाकवलेल्या तारेला टोचून भिंतीला टांगत. म्हणून अशा कार्डाला मधोमध भोक असते, भोवती गंजाचे तपकिरी वर्तुळ. संग्राहकाच्या लेखी हे वैगुण्य, त्याने किंमत उतरते. इतिहासाच्या लेखी तो पुरावा आहे: हे कार्ड वाचून फेकलेले नाही, घराने ते दप्तरी लावले. तारेवरचा क्रम तसाच असेल तर तो मोडू नये, कारण कोणत्या पत्रानंतर कोणते आले हे त्या क्रमातूनच कळते.

आणि म्हणून या भागातल्या प्रत्येक घराला विनंती. माळ्यावरची पेटी उघडा. तिकिटासाठी कार्डाचा कोपरा कापू नका. शिक्का गेला की तारीख गेली. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद खराब होतो. तार हळूच काढा, कार्डे कोरड्या जागी कागदी पाकिटात ठेवा, कोण कुणाचे ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. ते सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना आधी विचारा. मोबाईलवर फोटो काढाल तेव्हा दोन्ही बाजूंचा काढा. मोडी असेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात किंवा मोडी शिकलेल्या एखाद्या शिक्षकाकडे घेऊन जा. गावच्या शाळेने, वाचनालयाने आणि साखर कारखान्यासारख्या मोठ्या संस्थेने मनावर घेतले तर पंचक्रोशीतल्या कार्डांच्या प्रतींचा संग्रह उभा करणे अवघड नाही. त्याला पैसा थोडा आणि चिकाटी जास्त लागेल. साधे पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळते. पण तारेवरून एकदा रद्दीत गेलेले कार्ड कोणत्याही किमतीला परत मिळत नाही, म्हणून पेटी याच महिन्यात उघडा.