सर्वात वाईट भाग कोणता?

एकाच मालिकेच्या दोन चाहत्यांना समोरासमोर बसवावे आणि त्या मालिकेतला सर्वात चांगला भाग कोणता, असे विचारावे. थोडी घासाघीस होते आणि बहुधा एकमत होते. पण सर्वात वाईट भाग कोणता असे विचारले, की खरी मौज सुरू होते. एखादी गोष्ट का आवडली हे सांगताना ‘छान होती’ एवढ्यावर भागते; का आवडली नाही हे सांगायचे तर कारणे द्यावी लागतात. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेचे चाहते गेली कित्येक वर्षे अशी कारणे एकमेकांना देत आले आहेत. त्यांतली काही विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावीत अशी आहेत.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात माहिती देतो. जीन रॉडनबेरी यांनी कल्पिलेल्या या मालिकेचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या वाहिनीवर दाखवला गेला. तीन वर्षांत ७९ भाग झाले आणि जून १९६९ मध्ये मालिका बंद पडली. ‘एंटरप्राइज’ नावाचे यान, त्याचा कप्तान कर्क, वल्कन ग्रहावरच्या पित्याचा व पृथ्वीवरच्या मातेचा मुलगा स्पॉक आणि तापट डॉक्टर मॅकॉय हे त्यातले मुख्य त्रिकूट. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखवली, तेव्हा शाळेत असलेल्या पुष्कळ मुलांना स्पॉकचे टोकदार कान अजून आठवत असतील. पुढे १९८७ साली ‘द नेक्स्ट जनरेशन’, १९९५ साली ‘व्हॉयेजर’ अशा तिच्या अनेक शाखा निघाल्या. चाहते तर १९६७ पासूनच स्वतःचे हौशी अंक काढून वाद घालू लागले होते.

वाईट भागांच्या यादीत एक नाव हमखास येते, ते म्हणजे ‘स्पॉक्स ब्रेन’ (२० सप्टेंबर १९६८). परग्रहावरची एक स्त्री यानावर येते, सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉकचा मेंदू काढून घेऊन जाते. तिच्या भुयारी नगरातली हवा, पाणी, उष्णता यांचे नियंत्रण करायला तिला मेंदू हवा असतो. मॅकॉय मेंदूविना उरलेले स्पॉकचे शरीर एका खटक्यांच्या पेटीने चालवत बरोबर नेतो. शेवटी मेंदू जागेवर बसवला जातो, आणि एवढ्या सगळ्या उलाढालीत स्पॉकचा एक केसही विस्कटत नाही. चाहते हसतात ते यालाच.

या भागात शिक्षकांसाठी खास एक जागा आहे. मेंदू पुन्हा जोडण्याचे ज्ञान त्या नगरातल्या कोणालाच नसते. ते एका यंत्रात साठवलेले असते आणि त्या यंत्राला तिथले लोक ‘थोर शिक्षक’ म्हणतात. शिरस्त्राण डोक्यावर चढवले की ज्ञान आत शिरते, पण काही तासच टिकते. मॅकॉय ते घेतो, झपाट्याने शस्त्रक्रिया सुरू करतो आणि ती अर्ध्यावर आली असताना त्याला विसरायला होऊ लागते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पाठांतर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रसंग फारसा अशास्त्रीय वाटू नये. मग स्पॉकची वाचा आधी जोडून घेतली जाते आणि पुढची शस्त्रक्रिया तोच सांगत जातो. या प्रसंगाची सर्वात जास्त टिंगल होते, पण रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळी बोलत असणे ही कल्पना मुळीच हास्यास्पद नाही. मेंदूच्या ऊतीला वेदना जाणवत नाही. कॅनडातले शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड १९३० च्या दशकातच रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत मेंदूवर शस्त्रक्रिया करत असत. वाणीच्या केंद्राला धक्का लागू नये म्हणून ही पद्धत आजही वापरतात. टिंगल करणाऱ्यांनी आधी माहिती करून घ्यावी, हे इथे चाहत्यांनाही लागू पडते!

आणखी एक गंमत आहे. दुसऱ्या वर्षाअखेर मालिका बंद होणार अशी कुणकुण लागताच चाहत्यांनी एनबीसीवर पत्रांचा पाऊस पाडला. मालिका चालू राहणार असल्याचे वाहिनीने १ मार्च १९६८ च्या रात्री प्रेक्षकांना सांगितले, तेही पत्रे थांबावीत म्हणून. मात्र तिसऱ्या वर्षी पैसे कमी केले आणि वेळ शुक्रवारी रात्री दहाची दिली, जेव्हा तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो. इतक्या खटपटीने वाचवलेल्या त्या वर्षातला पहिलाच भाग ‘स्पॉक्स ब्रेन’ होता.

तरीही आमच्या मते सर्वात वाईट भागाचा मान दुसऱ्याच एका भागाला जातो. ‘व्हॉयेजर’ मालिकेतला ‘थ्रेशोल्ड’ (२९ जानेवारी १९९६) हा तो भाग.

प्रकाशापेक्षा अधिक वेग मोजायला या मालिकेत ‘वॉर्प’ हे माप आहे. जुन्या मालिकेच्या हिशेबात वॉर्पच्या आकड्याचा घन केला की वेग प्रकाशाच्या किती पट ते मिळे. वॉर्प ८ म्हणजे ५१२ पट. या वेगाने सूर्याला सर्वात जवळच्या, ४.२४ प्रकाशवर्षे दूरच्या प्रॉक्झिमा या ताऱ्यापर्यंत तीन दिवसांत पोचता येईल. पुढच्या मालिकांनी हे माप बदलले आणि वॉर्प १० म्हणजे अनंत वेग असे ठरवले. १० च्या जितके जवळ जाल तितका वेग बेफाम वाढतो, पण १० कधीच गाठता येत नाही. आलेखातली वक्ररेषा एखाद्या उभ्या रेषेच्या जवळ जवळ जात राहते आणि तिला कधीच स्पर्श करत नाही, तसाच हा प्रकार.

‘थ्रेशोल्ड’मध्ये टॉम पॅरिस हा वैमानिक वॉर्प १० गाठतो. तेवढ्यावर कोणी फारसे रागावले नसते. पण परत आल्यावर त्याचे शरीर बदलू लागते, आणि यानावरचा डॉक्टर निदान करतो की त्याची उत्क्रांती वेगाने होते आहे, मानवजातीची लाखो वर्षांची वाटचाल एका दिवसात होते आहे. अखेर पॅरिस आणि त्याने पळवून नेलेली कप्तान जेनवे हे दोघे सरड्यासारखे दिसणारे ओलसर उभयचर बनतात, त्यांना पिल्लेही होतात आणि मग डॉक्टर दोघांना पुन्हा माणूस करतो. या भागाला रंगभूषेसाठी एमी पारितोषिक मिळाले. ते योग्यच होते. लेखक ब्रॅनन ब्रागा यांनी मात्र हा भाग फसल्याचे पुढे स्वतःच कबूल केले.

यात चुकले काय? उत्क्रांती एका व्यक्तीची कधीच होत नाही. ती समूहाची होते आणि तिला पिढ्या लागतात. डीडीटीच्या फवाऱ्यात एखादा डास हळूहळू सरावत जाऊन ‘उत्क्रांत’ होत नाही. ज्यांच्यात आधीच थोडी प्रतिकारशक्ती होती ते डास वाचतात, त्यांची प्रजा वाढते आणि काही पिढ्यांनी डासांच्या समूहात प्रतिकारक डासांचे प्रमाण बदललेले दिसते. टॉम पॅरिसला ना पिढ्या मिळाल्या, ना कोणी स्पर्धक मिळाले, ना परिस्थितीची चाळणी लागली. दुसरी चूक अधिक खोल आहे. माणूस पुढे काय होणार ते आपल्या जनुकांत आधीच लिहून ठेवलेले आहे आणि फक्त चाक जोरात फिरवायचा अवकाश आहे, असे ही कथा धरून चालते. उत्क्रांतीचे असे कोणतेही वेळापत्रक नसते. पुढची परिस्थिती कोणती असेल यावर सगळे अवलंबून असते, आणि ती परिस्थिती जनुकांना ठाऊक नसते.

वर्गात हीच समजूत रोज भेटते. जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली, असे लिहिणारी उत्तरपत्रिका प्रत्येकाने तपासली असेल. पोकेमॉन पाहणाऱ्या मुलांना तर ‘इव्हॉल्व्ह होणे’ म्हणजे एका प्राण्याने डोळ्यांदेखत दुसरा होणे, एवढेच माहीत असते. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी जाहीर आक्षेप घेतला, त्यामागे हीही काळजी होती. पुस्तकात नसलेली उत्क्रांती मुलांना पडद्यावर भेटतेच, आणि ती अशी भेटते.

इथे एक चाणाक्ष विद्यार्थी हात वर करील. अर्धा माणूस, अर्धा वल्कन असलेला स्पॉक कसा काय चालतो? प्रश्न रास्त आहे. आंब्याच्या झाडाशी आपले दूरचे का होईना नाते आहे, कारण दोघेही एकाच जीवसृष्टीतून आलेले. वेगळ्या ग्रहावर उगम पावलेल्या जीवाशी तेवढेही नाही. शिवाय स्पॉकचे रक्त तांब्यावर आधारलेले म्हणून हिरवे. खेकड्याच्या रक्तातही तांबे असते आणि ते निळसर असते, पण खेकड्याची आणि माणसाची संतती कोणी कल्पिलेली नाही. काटेकोर हिशेबाने स्पॉक हीच मालिकेतली सर्वात मोठी थाप ठरते, आणि चाहते तिच्यावर प्रेम करतात.

हा दुटप्पीपणा आहे असे काही चाहते म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. स्पॉकचा जन्म हे गोष्ट सुरू होण्याआधीचे गृहीतक आहे. भूमितीच्या उदाहरणात ‘पक्ष’ दिलेला असतो, त्याची सिद्धता कोणी मागत नाही. त्याच्या आधारे पुढे जे मांडले जाते तिथे मात्र एक पायरीही चुकून चालत नाही. ‘थ्रेशोल्ड’ने उत्क्रांती पक्षात मागून घेतली नाही. डॉक्टरच्या तोंडून, विज्ञानाचा अधिकार वापरून, स्पष्टीकरण म्हणून ती दिली. ते स्पष्टीकरण काढले तर कथेत काही उरत नाही.

आता चांगल्या भागांकडे पाहू. जुन्या मालिकेतला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ (६ एप्रिल १९६७) बहुतेक याद्यांत वर असतो. हार्लन एलिसन यांनी लिहिलेल्या या भागाला १९६८ साली विज्ञानकथांचे ह्यूगो पारितोषिक मिळाले. कर्क आणि स्पॉक १९३० च्या मंदीच्या काळातल्या न्यूयॉर्कमध्ये जातात. तिथे गरिबांना जेवण देणाऱ्या ईडिथ कीलर या बाईवर कर्कचे प्रेम बसते. पण ती वाचली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरणार, आणि अणुबाँब आधी जर्मनीच्या हाती लागणार. रस्त्यावर मोटारीखाली सापडणाऱ्या तिला वाचवायला धावलेल्या मॅकॉयला कर्क स्वतः अडवतो. यात काळप्रवास हे एकच अशक्य गृहीतक आहे. पुढचे सारे कार्यकारणभावाने घट्ट बांधलेले आहे. लहानशा बदलातून प्रचंड फरक पडू शकतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या गणितात १९६३ साली दाखवले होते. हा भाग तेच माणसांच्या बाबतीत दाखवतो. जर्मनीला बाँब खरोखर जमला असता का, यावर इतिहास शिकवणाऱ्यांनी वाद घालावा; आम्हाला शंका आहे.

‘द इनर लाइट’ (१ जून १९९२) हा ‘द नेक्स्ट जनरेशन’मधला भागही ह्यूगो मिळवून गेला. हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या एका ग्रहाने सोडलेले छोटे यान कप्तान पिकार्डला सापडते आणि सुमारे पंचवीस मिनिटांत तो त्या ग्रहावरचे एक अख्खे आयुष्य जगतो: लग्न, मुले, वाढत जाणारा दुष्काळ, बासरी. त्या ग्रहाचा सूर्य ‘नोव्हा’ होतो असे सांगितले आहे, आणि खगोलशास्त्रात नोव्हा हा श्वेत बटू असलेल्या जोडताऱ्यात घडणारा प्रकार असल्याने तो शब्द सैल वापरलेला आहे. पण तो बदलून दुसरे कोणतेही संकट घाला, कथा उभी राहते. हीच परीक्षा ‘थ्रेशोल्ड’ला लावा, म्हणजे फरक कळेल. असे यान सोडण्याची कल्पना तर आपण प्रत्यक्षात आणलीच आहे. १९७७ साली सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या तबकड्यांत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठी आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.

शेवटी आमचा आवडता भाग, ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ (डिसेंबर १९६७). चाहते याला ‘गमतीचा’ म्हणून दुसऱ्या फळीत बसवतात, त्याला आमची हरकत आहे. ट्रिबल हा लोकरीच्या गोळ्यासारखा गोंडस प्राणी. तो खातो आणि पिल्ले घालतो, एवढेच. धान्याच्या कोठाराचे दार उघडताच कर्कच्या अंगावर ट्रिबलांचा ढीग कोसळतो आणि स्पॉक संख्या सांगतो: १७,७१,५६१. ही उगाच फेकलेली संख्या नाही. एक ट्रिबल, दर बारा तासांनी दहा पिल्ले, तीन दिवस. प्रत्येक पिढीत संख्या ११ पट होते, सहा पिढ्या होतात, म्हणून ११ चा सहावा घात. मुलांना वहीवर करायला सांगावा. उत्तर नेमके जुळते.

मग पुढे जावे. एक ट्रिबल अर्धा किलोचा धरू. बारा दिवसांत २४ पिढ्या होतील आणि साऱ्या ट्रिबलांचे वस्तुमान सुमारे ४.९ गुणिले १० चा २४ वा घात इतके किलो होईल. पृथ्वीचे वस्तुमान आहे ६ गुणिले १० चा २४ वा घात. पंचविसावी पिढी, म्हणजे आणखी बारा तास, आणि ट्रिबल पृथ्वीपेक्षा जड! खाणार काय, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात, आणि तिथून अन्न, जागा, शत्रू हा सगळा धडा त्यांच्याकडूनच येतो.

मॅकॉय या भागात म्हणतो की ट्रिबल जन्मतःच गाभण असतात. ही थाप वाटली तर शाळेच्या आवारातला वाल किंवा शेतातली मोहरी पाहावी. मावा हा कीटक अनुकूल दिवसांत नराशिवाय पिल्ले घालतो, आणि मादीच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढू लागलेली असते. कोवळ्या शेंड्यावर मावा दाटलेला दिसला की भिंग घेऊन मुलांना तिथे न्यावे, दर दोन दिवसांनी मोजणी करून आलेख काढायला लावावा. एखाद्या आठवड्यात संख्या अचानक घसरली, तर पानाच्या मागे ढालकिडा सापडतो का ते पाहावे.