पक्ष्यांचा विषाणू वाघापर्यंत कसा पोहोचतो?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. भारतातील कोंबड्यांत हा रोग प्रथम २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे दिसला होता. सिहोरा परिसरातही घरोघरी कोंबड्या पाळल्या जात असल्याने त्याविषयी थोडी माहिती येथे देत आहोत.

या विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या आठ तुकड्यांत असते. जमाखर्चाची वही उतरवून घेताना आकडा चुकावा, तशा तिची नक्कल होताना चुका होतात. ताळा पाहणारे तेथे कोणी नसते. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा विषाणूलाच घातक ठरतात. एखादी मात्र नव्या शरीरात उपयोगी पडते व तोच वंश वाढतो. पीबी२ या प्रथिनातील ६२७ व्या स्थानी एकच घटक बदलला, तरी पक्ष्यांचा विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशींत जोमाने वाढू शकतो. माणसामाणसांत सहज पसरण्यास मात्र एवढे पुरेसे नाही. नाक व घशातील पेशींना चिकटण्याची क्षमताही त्यास कमवावी लागते.

प्रत्येक नवा संसर्ग ही विषाणूस मिळालेली संधी होय. ती नाकारणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. कोंबड्या अचानक मरू लागल्यास त्यांना उघड्या हातांनी शिवू नये, त्यांचे मांस खाऊ नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. त्यानंतर घरात कोणास ताप वा खोकला आल्यास हा संपर्क डॉक्टरांना आवर्जून सांगावा, ही नम्र विनंती.