हृदयरोग आणि गळालेली पंचवीस अक्षरे
हृदयस्नायूच्या आकुंचनावर नियंत्रण ठेवणाऱ्या एका प्रथिनाचा आराखडा ‘एमवायबीपीसी-3’ या जनुकात असतो, आणि त्यातील 25 रासायनिक अक्षरे गळालेली असल्यास, विशेषतः उतारवयात, हृदय दुबळे होण्याचा धोका वाढतो, असे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील कुमारसामी थंगराज व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले. भारतीय उपखंडात सुमारे 4 टक्के लोकांत आढळणारा हा बदल युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ नाहीच. त्यामुळे प्रामुख्याने युरोपीय नोंदींवर बेतलेली धोक्याची गणिते यवतमाळ जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या रुग्णालाही तंतोतंत लागू पडतील, असे मानणे धाडसाचेच. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे 10 हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती 2025 मध्ये संशोधकांना उपलब्ध करून दिली, ती यासाठी मोलाची. अर्थात, हा बदल असलेल्या प्रत्येक वाहकाला आजार होतोच असे नाही. वाहकाने वेळोवेळी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेणे एवढाच त्यातून निघणारा व्यवहार्य सल्ला.

औषधांबाबत जनुकीय माहितीचा उपयोग अधिक थेट आहे: रक्ताची गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल यकृतातील एका विकराने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने, सक्रिय केल्यावरच काम करते, आणि ज्यांच्यात तो विकर जन्मतःच मंद असतो, त्यांना स्टेंट बसवल्यानंतर टिकाग्रेलॉरसारखा पर्याय देता येतो.