बंद खोलीतील हवा

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे दोन शब्द पत्त्यापेक्षाही अधिक सांगून जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूला वैशाखातही रात्री वारा सुटतो. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव येथे मात्र मध्यरात्र उलटली तरी भिंती तापलेल्याच असतात. या पेठांतील जुनी घरे तो ताप ओळखून बांधलेली होती. मातीच्या जाड भिंती, वर धाबे, मधोमध चौक आणि छताजवळ झरोका. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई व तिच्या जागी दारातून नवी हवा येई.

आता खाली दुकान, वर स्लॅबचे दोन मजले, सरकत्या काचेच्या खिडक्या आणि निजण्याच्या खोलीत स्प्लिट एसी, असे घराचे रूप झाले आहे. दुपारचे ऊन, बाजाररस्त्याची धूळ आणि दिवाळीच्या सुमारास जिनिंग सुरू झाले की उडणारा कापसाचा तंतू, या साऱ्यांमुळे खिडक्या लावलेल्याच राहतात. एसी बाहेरची ताजी हवा आत घेतो, हा समज पुष्कळ घरांत आहे. वस्तुतः भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतील तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करीत असतो. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. आई-वडील व दोन मुले झोपलेल्या बंद खोलीत ते पहाटेपर्यंत दोन हजारांच्या वर सहज जाते. सकाळी डोके जड वाटते, मुले आळसावलेली उठतात, आणि दोष मात्र उन्हाळ्यावर जातो.

खिडकी उघडावी तर गारवा जातो, लावावी तर हवा शिळी होते. हा पेच थंड देशांना आधी पडला, कारण तेथे खिडकी उघडली की घरातली ऊब निघून जाते. १९७७ मध्ये कॅनडातील रेजायना शहरात उभारलेल्या एका प्रायोगिक घरात यावर उपाय योजला गेला आणि पुढे युरोपातील घरांतही तो रूढ झाला. यंत्र तसे साधे आहे. दोन लहान पंखे असतात. एक आतली हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची आत घेतो. दोन्ही प्रवाह पातळ पडद्यांच्या एका गाभ्यातून जातात. हवा हवेत मिसळत नाही, पण उष्णता एका प्रवाहातून दुसऱ्यात उतरते.

आपल्याकडे हाच व्यवहार उलट्या दिशेने होतो. बाहेर ४४ अंश आणि खोलीत २६ अंश असताना गाभा ७० टक्के कार्यक्षम असेल, तर आत येणारी हवा सुमारे साडेएकतीस अंशांवर येते. उरलेले काम एसीने करायचे. माणशी ताशी ३० घनमीटर ताजी हवा पुरेशी मानली जाते. चौघांच्या कुटुंबाला १२० घनमीटर. एवढ्यासाठी पंख्यांना काही दशक वॅटच वीज लागते.

तरीही प्रत्येक घराने हे यंत्र घ्यावे असे नाही. घाटावरच्या घरात रात्री खिडकी उघडणे हाच उत्तम आणि फुकटचा उपाय. कूलर वापरणाऱ्या घरातही याची गरज नाही. कूलर मुळात बाहेरचीच हवा आत ढकलतो, मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. रस्त्यालगतच्या, दिवसरात्र एसीवर चालणाऱ्या घरांना मात्र याचा खरा लाभ आहे. अशा घरांनीही बायपासची सोय असलेले यंत्र पाहावे, म्हणजे बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की ती गाभा टाळून सरळ आत घेता येते.

बसवताना हवा घेण्याचे तोंड दुकानाच्या जनरेटरपासून आणि गटारापासून दूर असावे. टाकण्याचे तोंडही त्याच्या शेजारी नको. स्वयंपाकघराची चिमणी या नळीला कधीही जोडू नये. फोडणीचा तेलकट धूर गाभ्यात बसला की तो निघत नाही. गॅस गीझरचा धूर बाहेर नेणारी वाटही स्वतंत्रच हवी. त्यातून निघू शकणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो आणि त्याची जबाबदारी हे यंत्र घेऊ शकत नाही.

खरी कसोटी निगराणीची. परदेशी पुस्तिकेत जाळी दोन-तीन महिन्यांनी साफ करा असे लिहिलेले असते. खामगाव-मलकापुरात जिनिंगच्या दिवसांत ती महिन्याला पाहावी लागते. एका बाजूची जाळी तुंबली की आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा समान राहत नाही, आणि यंत्र चालू असूनही खोली कोंदट होते. रोजमेळ एक दिवस न चुकवणाऱ्या घरांतही जाळीची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. गाभा धातूचा वा प्लास्टिकचा असेल तर बहुधा धुता येतो. कागदी पडद्याचा असेल तर पुस्तिका पाहिल्याशिवाय पाणी लावू नये.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. बाहेरची दमट हवा गार गाभ्याला लागली की पाणी सुटते व खालच्या तबकात उतरते. निचऱ्याची नळी तुंबली तर तेथे बुरशी धरते, किडे होतात. जैन घरात हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही. जीवोत्पत्ती झाल्यावर केलेल्या सफाईत हिंसा टळत नाही. जयणा आहे ती तबक आधीच कोरडे ठेवण्यात. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावली तर किडा-मुंगी पंख्यापर्यंत पोहोचतच नाही.

कूलरच्या टाकीलाही हाच न्याय लागू पडतो. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी ठेवावयाची. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी कडांना चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. म्हणून दर आठवड्याला टाकी रिकामी करताना कडाही घासून घ्याव्यात. मृग लागला आणि कूलर उचलायची वेळ आली, की जुन्या ताट्या काढून टाकी घासून उन्हात उलटी ठेवावी. एसीच्या घरांनी यंत्राची निचऱ्याची नळी त्याच आठवड्यात, चातुर्मास बसण्यापूर्वी, तपासून घ्यावी.