न कापलेलं लाकूड

सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या भोसे गावी यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळ एक वड होता. वय सुमारे चारशे वर्षं सांगितलं जायचं. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तोडला जाणार होता, पण लोक त्याच्यासाठी उभे राहिले आणि २०२० मध्ये रस्त्याची आखणी बदलली. दोन वर्षांनी, २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी, तोच वड कोसळला. ना कुऱ्हाड लागली, ना करवत.

या बातमीनं हळहळ वाटली, तितकंच कुतूहलही जागं झालं. एवढं जुनं झाड एखाद्या पावसात आडवं होतं आणि दुसरीकडे आतून पोकळ झालेलं, रस्त्यावर वाकलेलं झाड कित्येक पावसाळे तसंच उभं राहतं. झाडाला उभं धरतं तरी कोण? आणि असं किडकं, कललेलं झाड घरावर, तारांवर, माणसांवर न येऊ देता ठरल्या जागी आडवं करणारा माणूस नेमकं करतो काय?

उत्तर ऐकून आधी विश्वास बसत नाही. तो झाड पाडतच नाही! झाडाला त्याचं स्वतःचं वजन पाडतं. ६० सेंटिमीटर जाडीचं आणि १० मीटर उंचीचं नुसतं सरळ खोड धरलं, तरी ओल्या लाकडाचं वजन पावणेतीन टनांच्या आसपास भरतं. फांद्या आणि पाला वेगळा. एवढं वजन एकदा निघालं की ते माणसाच्या जोरानं वळत नाही आणि थांबतही नाही. कापणाऱ्यानं ठरवायचं ते एवढंच, की कोणतं लाकूड कापायचं नाही. सगळी दिशा, सगळी सुरक्षितता त्या न कापलेल्या लाकडात असते.

झाड ज्या बाजूला घ्यायचं त्या बाजूनं बुंध्यात एक त्रिकोणी खाच काढतात, जाडीच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी खोल. मग मागच्या बाजूनं आडवा काप. आता खरी गंमत अशी, की हे दोन काप एकमेकांना कधीच भेटू द्यायचे नाहीत. मध्ये लाकडाची एक उभी पट्टी राखायची, खोडाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. आपल्या ६० सेंटिमीटरच्या खोडाला ती जेमतेम ६ सेंटिमीटर. हीच झाडाची बिजागरी. काही टनांचं धूड आणि त्याला वाट दाखवणारी चार बोटांची पट्टी!

झाड कलू लागतं तसे या पट्टीतले तंतू वाकतात, ताणले जातात, पण पकड सोडत नाहीत. ते तुटतात खाच मिटल्यावर. खाच ४५ अंशांची असेल तर झाड अर्ध्या वाटेवर असतानाच ती मिटते आणि पुढचा प्रवास बेलगाम होतो. ७० अंशांच्या पुढे उघडी ठेवली तर बिजागरी झाडाला जवळजवळ जमिनीपर्यंत पोहोचवून मगच सुटते. झाड डावीकडे झुकलंय आणि समोर घ्यायचंय? मग पट्टीचा उजवा कोपरा थोडा जाड राखायचा. तिकडचे तंतू झाडाला डावीकडे जाण्यापासून मागे ओढून धरतात. अर्थात याला मर्यादा आहे. कल फार असेल तर दोरखंड, कप्पी आणि हायड्रा क्रेन लागतेच.

पण ही सगळी कारागिरी निरोगी तंतूंच्या भरवशावर चालते. लाकूड कुजकं असेल तर?

इथे झाडाची रचना बघून थक्क व्हायला होतं. जुन्या झाडाच्या खोडातला मधला गाभा मुळात मेलेलाच असतो. पाणी वाहून नेणारा, जिवंत भाग बाहेरच्या थरांत. वाकण्याला होणारा विरोध तर मुख्यतः बाहेरच्या कडेतून येतो, कारण हिशोब त्रिज्येच्या चौथ्या घाताचा आहे. गणित करून पाहा: केंद्रापासून त्रिज्येच्या ७० टक्क्यांपर्यंत खोड पोकळ झालं, म्हणजे निम्मं लाकूड गेलं, तरी त्याचा ताठपणा फक्त २४ टक्क्यांनी घटतो. सायकलची दांडी पोकळ नळीची का असते, त्याचं कारण हेच. म्हणूनच ढोली दिसली की झाड धोकादायक ठरवून मोकळं होणं मला घाईचं वाटतं. महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. त्यातली किती तरी आतून पोकळ असणार, आणि तरीही भक्कम.

झाड कुजण्याशी लढतं कसं, हे कळलं ते चेनसॉ या साखळीच्या यंत्रकरवतीमुळे. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली. त्यांच्या लक्षात आलं की झाड आपली जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. ते तिला कोंडून टाकतं. कुजक्या भागाभोवती रसायनांच्या भिंती उभ्या करतं आणि त्यांच्या बाहेर नवं, स्वच्छ लाकूड वाढवतं. १९७७ मध्ये त्यांनी हे चित्र मांडलं आणि झाडांकडे बघण्याची रीतच बदलली. बुरशी भिंत फोडून पुढे सरकते, झाड पुढची भिंत घालतं. ही चढाओढ आपल्या अंगणातल्या गुलमोहरात या घडीला चालू असेल.

सराईत माणूस म्हणून आधी बुंध्याभोवती फिरतो. मुळाशी अळंबी उगवली आहे का, साल सुटली आहे का, बघतो. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठोकून आवाज ऐकतो: घट्ट लाकूड खणखणतं, पोकळ लाकूड बद्द वाजतं. मग काप सुरू झाला की भुशावर नजर. फिकट, जाडसर कपचे उडत असताना मध्येच तपकिरी भुगा येऊ लागला की समजायचं, पातं कुजक्या भागात शिरलं. मधोमध पोकळी असेल आणि दोन्ही कडा शाबूत असतील तर बिजागरी तरीही काम करू शकते, कारण दिशा सांभाळण्याचं बहुतेक काम तिच्या दोन टोकांचंच असतं. कडाच कुजल्या असतील तर बुंध्याशी काप घेणं म्हणजे नशिबावर हवाला. तिथे शेंड्याकडून तुकडे उतरवत यायचं.

आता त्या यंत्राकडे जरा बघू या. चेनसॉची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. पूर्वीच्या साखळ्यांना हातकरवतीसारखे दाते असत आणि ते लवकर बोथट होत. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या एका ओंडक्यात शिरलेली भुंगेऱ्याची अळी निरखत बसला. अंगठ्याएवढी ती अळी तंतूंच्या आडवी, उभी, कशीही सहज पोखरत होती. तिचे जबडे वाकडे, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालणारे. कॉक्सनं पोलादात तशीच रचना केली, एक दाता डावा, एक उजवा. आज जगभरातल्या साखळ्या मुख्यत्वे त्याच कल्पनेवर चालतात. आणि ही अळी आपल्याला परकी नाही बरं का! आंब्याच्या बुंध्यातून भुसा पाडणारं आपलं भिरूड त्याच लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातलं. ज्या जातीच्या किड्यानं झाड पोखरलं, त्याच्या भाऊबंदाचा जबडा ते झाड उतरवायला येतो.

कललेल्या झाडाची गोष्ट याहून विलक्षण. कललेलं झाड आपल्याला थकल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते जोर लावून स्वतःला मागे ओढत असतं. आंबा, गुलमोहर, निलगिरी अशी रुंद पानांची झाडं कलाच्या वरच्या बाजूला एक खास लाकूड तयार करतात. त्याच्या तंतूंत आत जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा थर असतो. हा थर तयार होताना आखडतो आणि खोडाला ताण देतो. निलगिरीचा ओंडका तोडल्याबरोबर त्याची टोकं तडकतात ती अशाच कोंडलेल्या ताणानं. वडाच्याच कुळातल्या एका झाडावर १९६८ मध्ये संशोधकांनी पाहिलं, की लोंबती पारंबी जमिनीत रुजली की तिच्यात असंच लाकूड बनतं आणि ती आखडून ताठ होते. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या म्हसवे गावच्या वडाच्या सावलीचा घेर १८८२ मध्ये मोजला होता, तो १,५८७ फूट भरला. एवढा पसारा पारंब्यांशिवाय कसा पेलला असता?

हाच ताण करवतीखाली जीवघेणा ठरतो. पुढे झुकलेल्या झाडाच्या पाठीकडचे तंतू आधीच ताणलेले. नेहमीप्रमाणे मागून कापत गेलात तर बिजागरीपर्यंत पोहोचायच्या आत झाड निघतं. तंतूंना आडवं तुटण्यापेक्षा उभं फाटणं सोपं, म्हणून खोड क्षणात वरपर्यंत चिरतं आणि मागची फाळ उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येते. यावरचा उपाय फार सुंदर आहे. पुढे खाच घ्यायची, मग पात्याचं टोक खोडात मधोमध घुसवून आरपार न्यायचं, बिजागरी जपत मागे सरकायचं आणि पाठीकडे लाकडाची एक पट्टी तशीच राखायची. आता पोट मोकळं, पण झाड दोन पट्ट्यांवर स्थिर. बिजागरी पूर्ण तयार, कसलीही घाई नाही. मागे निसटायच्या तिरक्या वाटेत पालापाचोळा नाही ना, तारा नाहीत ना, हे निवांत बघायचं आणि शेवटी ती पाठीची पट्टी बाहेरून कापून लगेच तिरकं मागे निघायचं.

टोक घुसवताना सुरुवात त्याच्या खालच्या अर्ध्यानं करायची. वरच्या कोपऱ्यानं लाकूड धरलं तर पातं डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे उसळतं. हे कसब पाहून नाही, शिकवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून शिकायचं.

आणि पावसात मुळांसकट उन्मळून रस्त्यावर पडलेलं झाड? काम संपलं असं वाटतं, पण त्याचा बुंधा मुळांसकट उपटलेल्या मातीच्या प्रचंड चकतीला उभं धरून बसलेला असतो. खोड कापून वेगळं केलं की ती चकती, मुळांचा ताण आणि मातीचं वजन घेऊन, धाडकन पुन्हा आडवी होऊ शकते. टनावारी माती एका क्षणात खड्ड्यात परतते. म्हणून खोडाला करवत लावण्याआधी चकती दोरखंडानं नाहीतर जेसीबीनं धरून ठेवायची, आणि मागच्या खड्ड्यात उत्सुकतेनं कुणी मूल उतरलेलं नाही ना, ते जाऊन बघायचं.